शिष्यवृत्तीला तारीख द्या

मा. मुख्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीची रक्कम शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच मिळण्याबाबत

महोदय,



मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात शिकवते. तासांखेरीज महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती समितीचे कामही बरीच वर्षे माझ्याकडे आहे. ऑगस्ट उजाडला की माझ्या टेबलाभोवती गर्दी होते. "मॅडम, फॉर्म सेंड बॅक आलाय", "मॅडम, आधार कुठल्या खात्याला लिंक आहे तेच कळेना", "मॅडम, पहिला हप्ता कधी पडेल?" हे प्रश्न परीक्षेपर्यंत संपत नाहीत, आणि शेवटच्या प्रश्नाचे खरे उत्तर माझ्याकडे नसते. ते माझ्या प्राचार्यांकडेही नसते आणि जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयातही नसते.

हे पत्र कुठल्या एका मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे, त्याला कारण आहे. महाडीबीटी या एकाच पोर्टलवर सामाजिक न्याय, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण, उच्च व तंत्रशिक्षण, वैद्यकीय शिक्षण, अल्पसंख्याक विकास अशा अनेक विभागांच्या योजना आहेत. निधी सोडायचा तो वित्त विभागाने. एका खात्याकडे विचारले की दुसऱ्याकडे बोट दाखवले जाते. ही सगळी खाती ज्या एका टेबलाशी एकत्र येतात, ते टेबल आपले आहे.

माझी मागणी थोडक्यात अशी. ज्या विद्यार्थ्याला शासनाने शिष्यवृत्तीस पात्र ठरवले, त्याला पैसे कोणत्या तारखेला मिळणार हे आधी जाहीर झालेले असावे. ती तारीख शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीची असावी. आणि ती चुकली तर भुर्दंड शासनाने सोसावा, विद्यार्थ्याने नव्हे.

महाराष्ट्रात योजनांची वाण नाही, हे प्रथम मोकळेपणाने मान्य करते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. तिच्या उत्पन्नमर्यादेच्या वर असणाऱ्यांना फ्रीशिप आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना तिचा लाभ मिळतो. अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार, स्वयम्, आधार या योजना आहेत. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. त्या निर्णयानंतर आमच्या भागातल्या कितीतरी बापांनी पहिल्यांदा मुलीसाठी कॅप राउंडचा (केंद्रीभूत प्रवेश फेरीचा) अर्ज भरला. त्याबद्दल शासनाचे मनापासून आभार.

या राज्याला ही परंपरा जुनी आहे. महाराष्ट्र आकार घेत होता त्या काळात, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, बाराशे रुपयांपेक्षा कमी वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील मुलांना फीमाफी देण्याचा निर्णय झाला. 'ईबीसी' ही तीन अक्षरे तेव्हापासून मराठी घरांत शिरली. माझ्या वडिलांच्या पिढीतले असंख्य शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, इंजिनिअर त्या सवलतीवर शिकले. त्यात जातीची अट नव्हती, घरच्या परिस्थितीची होती. म्हणूनच आज जे चालले आहे ते पाहून जीव तुटतो. देण्याची इच्छा आहे, तरतूद आहे, यंत्रणा आहे, आणि तरीही पैसे अशा वेळी येतात की त्यांचा अर्धा उपयोग आधीच संपलेला असतो.

वर्षाचे चक्र कसे फिरते ते सांगते. बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो. जून-जुलैत दाखल्यांची धावपळ असते. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाइल, जात पडताळणीचे प्रमाणपत्र. मग कॅप राउंड, जागा वाटप, आणि महाविद्यालयात जाऊन प्रवेश निश्चित करायला मोजके दिवस. पैसे लागतात ते त्या मोजक्या दिवसांत. शिष्यवृत्तीचा अर्ज त्यानंतर भरायचा असतो. तो महाविद्यालयाच्या लॉगिनला येतो, तिथली छाननी होते, मग जिल्हा किंवा विभाग पातळीवरची छाननी, मग मंजुरी, मग देयक. अर्जाच्या मुदतीला मुदतवाढ मिळत राहते. ज्यांचे दाखले अडकलेत त्यांना तिचा आधार असतो, पण ज्यांनी पहिल्याच आठवड्यात अर्ज भरला तेही त्यांच्यासोबत थांबतात. पहिला हप्ता पडेपर्यंत पहिले सत्र उलटलेले असते. दुसरा हप्ता पुष्कळदा पुढच्या वर्गात गेल्यावर येतो. विचारले की उत्तर मिळते, "बीम्सवर (शासनाच्या निधीवाटप प्रणालीवर) निधी आलेला नाही."

एका अर्जाची गोष्ट सांगते, म्हणजे ही प्रक्रिया जवळून कशी दिसते ते कळेल. आमच्याकडे बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला एक मुलगा आला. आई-वडील ऊसतोडीला जाणारे. दिवाळीनंतर ते कारखान्यावर निघून जातात, म्हणून त्याने सगळी कागदपत्रे आधीच जमवून ठेवली होती. प्लॅस्टिकच्या पिशवीत, त्यावर पुन्हा कॅरीबॅग. अर्ज सेंड बॅक आला. कारण काय, तर दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एका स्पेलिंगने आणि आधारवर दुसऱ्या. आधार दुरुस्तीसाठी वडिलांचे बोट लागणार, आणि वडील तोपर्यंत पश्चिम महाराष्ट्रात कुठल्या तरी फडात. बाप परत आला तो उन्हाळ्यात. दुरुस्ती झाली, अर्ज पुढे सरकला, मंजूरही झाला. पैसे आले तेव्हा तो मुलगा दुसऱ्या वर्षाला नव्हता. तो चाकणला एका गोदामात कामाला लागला होता. मी फोन केला तेव्हा म्हणाला, "मॅडम, पैसे आले, पण आता त्याचं काय करू?" त्याच्या नावे शासनाच्या हिशोबात एक शिष्यवृत्ती यशस्वीपणे वितरित झाल्याची नोंद आहे. शिक्षण मात्र झाले नाही.

यात कुणा कारकुनाचा दोष मी काढत नाही. आमच्या कार्यालयातला माणूस रात्री दहापर्यंत थांबून, सर्व्हर हलका असताना अर्ज पुढे पाठवतो. दोष रचनेत आहे. या रचनेत शासनाला थांबायची मुभा आहे, महाविद्यालयाला थांबायची मुभा आहे. ज्याच्यापाशी थांबायला काहीही शिल्लक नाही, त्या विद्यार्थ्यालाच फक्त ती मुभा नाही.

उशिराची किंमत किती असते त्याचा हिशोब मांडते. समजा, एका घराने मुलाच्या प्रवेशासाठी चाळीस हजार रुपये उभे केले. बँक इतक्या तातडीने देत नाही, म्हणून शेकडा तीन रुपये महिना या दराने गावातूनच घेतले. शिष्यवृत्ती दहा महिन्यांनी आली. व्याज झाले बारा हजार. म्हणजे शासनाने दिले चाळीस हजार आणि घराला मिळाले अठ्ठावीस. शासनाने चाळीस हजार ऑगस्टमध्ये दिले काय आणि पुढच्या मेमध्ये दिले काय, तिजोरीतून जाणारी रक्कम तीच. उशिरामुळे राज्याचे काही वाचत नाही म्हटले तरी चालेल. घराचे मात्र बारा हजार जातात, आणि ते अशा घराचे जातात ज्याला आपण गरीब ठरवून मदत द्यायला निघालो होतो. हे व्याज कुठल्याही सरकारी अहवालात दिसत नाही. ते सोनाराच्या चिठ्ठीवर असते, बचतगटाच्या वहीत असते, मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यात असते.

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या बोर्डिंगमध्ये मुलांसाठी धान्य संपले, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले आणि शेवटी मंगळसूत्रही मोडले. आपण ही गोष्ट शाळेच्या व्यासपीठावरून सांगतो आणि सांगितलीच पाहिजे. पण तेव्हा त्या मुलांच्या जेवणासाठी कुठल्याही सरकारने पैसा मंजूर केलेला नव्हता. आज माझ्या विद्यार्थ्यांच्या आया जुलैमध्ये डोरले गहाण ठेवतात, ते अशा पैशासाठी जो विधिमंडळाने अर्थसंकल्पात आधीच मंजूर केलेला आहे. लक्ष्मीबाईंचा त्याग थोर होता. तो दरवर्षी हजारो बायकांकडून वसूल करण्याची व्यवस्था आपण चालू ठेवता कामा नये.

आता निर्वाह भत्त्याविषयी. फीमाफीच्या बातम्या होतात. पण फी माफ झाली तरी मूल जेवते, राहते, प्रवास करते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी बीए, बीकॉम, बीएस्सीला घरी राहून शिकणाऱ्याचा भत्ता वर्षाला ३,००० रुपये आहे. महिन्याला अडीचशे. वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,०००. इंजिनिअरिंग-मेडिकलसारख्या अभ्यासक्रमाला वसतिगृहात राहिले तर १३,५००, म्हणजे महिन्याला सव्वा अकराशे. उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, आणि दहा वर्षांहून अधिक काळ ती तिथेच आहे. अडीच लाख म्हणजे महिन्याला सुमारे वीस हजार आठशे. शहरात बाप सिक्युरिटीला आणि आई चार घरची कामे करणारी असेल तर ते घर या मर्यादेच्या बाहेर जाते. मग शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ होते, पण भत्ता जातो. हे दर आणि ही मर्यादा केंद्राच्या अखत्यारीतली आहे, हे मला ठाऊक आहे. पण राज्याने त्याबाबत दिल्लीत ठामपणे बोलावे, ही अपेक्षा गैर नाही.

राज्याची स्वाधार योजना त्या मानाने पुष्कळ उदार आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये : भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,०००, इतर खर्चासाठी ८,०००. दहा महिन्यांचे शैक्षणिक वर्ष धरले तर जेवणाला दिवसाला सुमारे १०७ रुपये. काटकसरीने दोन वेळची मेस त्यात बसवता येते. पण मेसवाला दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे मागतो. कॉट बेसिसवर खोली देणारी घरमालकीण डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचे भाडे आगाऊ घेते. त्यांना स्वाधारचा मंजुरी आदेश दाखवून चालत नाही. साठ हजार रुपये मार्चमध्ये एकरकमी आले तर ऑगस्ट ते फेब्रुवारी ते मूल काय खाते, हा प्रश्न कुठल्याही शासन निर्णयात विचारलेला नाही. उत्तर मी पाहिले आहे. एका वेळची मेस लावतात आणि ती दोघांत वाटून घेतात. रात्री डिलिव्हरीचे काम करतात आणि सकाळच्या प्रॅक्टिकलला येत नाहीत. मग हजेरी भरत नाही, आणि हजेरी भरत नाही म्हणून पुढचा हप्ता अडतो.

महाविद्यालयांचीही बाजू सांगायला हवी. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्काची सक्ती करू नये, असे शासनाने वेळोवेळी बजावले आहे. आदेश योग्य आहे. पण विनाअनुदानित संस्थेचे पगार शुल्कावर चालतात. शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती थकली की संस्था विद्यार्थ्याकडे वळते. कधी पुढच्या तारखेचा चेक लिहून घेते, कधी हॉल तिकीट अडवते, कधी मूळ कागदपत्रे ठेवून घेते. शासन संस्थेचे देणे लागते आणि संस्था विद्यार्थ्याला देणेकरी धरते. पदवी पूर्ण झालेली मुलगी नोकरीच्या मुलाखतीला मूळ गुणपत्रिका नाही म्हणून जाऊ शकत नाही, आणि त्यामागचे कारण असते सरकारने न भरलेली फी. हे थांबवायचे असेल तर आदेशासोबत पैसाही वेळेवर गेला पाहिजे.

आणखी एक गाठ थेट खात्यात रक्कम देण्याच्या पद्धतीतून पडली आहे. २०२१ पासून अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के हिस्सा आहे, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. मधले दलाल गेले, हे चांगलेच झाले. पण अठरा वर्षांच्या मुलाच्या खात्यात एके दिवशी एक रक्कम येते, काही महिन्यांनी दुसरी, आणि त्यातली फी किती, भत्ता किती, हे सांगणारे काही सोबत नसते. आधार शेवटचे कुठल्या बँकेला जोडले गेले तिथे पैसे जातात, आणि ते खाते अनेकदा कुणीतरी मोबाईलच्या दुकानात उघडून दिलेले असते. ज्याला महिनोन्महिने उधारीवर जगायला लावले, तो खात्यात आलेल्या पैशातून आधी मेसवाल्याची उधारी फेडतो. मग महाविद्यालय त्याला थकबाकीदार म्हणते. यात त्याची लबाडी नाही, भूक आहे.

"मग शैक्षणिक कर्ज घ्या" असे सांगितले जाते. कर्जाची सोय मी नाकारत नाही. चार लाखांपर्यंत तारण नको असा नियम आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचे पाठबळ मिळू शकते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम-विद्यालक्ष्मी योजना विनातारण, विनाजामीन कर्ज देते, आणि आठ लाखांपर्यंतच्या उत्पन्नगटाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत देते. पण ती देशातल्या मानांकनात वर असलेल्या निवडक संस्थांसाठी आहे. आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयातला बीएस्सीचा विद्यार्थी तिच्या यादीत कुठेच नसतो. शिवाय ज्याची फी वर्षाला पंधरा-वीस हजार आहे आणि ज्याचा खरा खर्च खोलीभाडे आणि जेवण आहे, त्याच्यासाठी बँक मॅनेजर फाईल उघडत नाही. कर्ज हा महागड्या अभ्यासक्रमाचा मार्ग आहे. साध्या पदवीच्या मुलाला शिष्यवृत्तीच लागते, आणि ती वेळेवर लागते.

पैसा कधी मिळतो यावर शिक्षण किती अवलंबून असते, याचा सर्वांत मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी भीमराव आंबेडकरांना अमेरिकेत शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली : दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. दरमहा, हे लक्षात घ्यावे. त्या पैशावर कोलंबिया विद्यापीठातले शिक्षण झाले. पुढे लंडनमध्ये अभ्यास सुरू असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये त्यांना तो अर्धवट सोडून परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातल्या पगारातून साठवलेली शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज, इतके जुळल्यावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले. बाबासाहेबांसारख्या बुद्धिमत्तेलाही पैसे थांबले म्हणून तीन वर्षे थांबावे लागले. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले, आणि त्याच काळात, १९४४ साली, अनुसूचित जातींसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो ती हीच. पैशासाठी थांबणे म्हणजे काय, हे ज्याने भोगले त्याच्या आग्रहातून उभी राहिलेली ही योजना आहे. ती उशिरा देणे म्हणजे तिचा हेतूच हरवणे आहे.

हे शासनाला जमणार नाही, असे आता कुणी म्हणू शकत नाही. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जुलै २०२४ मध्ये सुरू झाली आणि ऑगस्टमध्ये बहिणींच्या खात्यात पैसे पोचू लागले. दोन कोटींहून अधिक महिलांच्या आधारशी जोडलेल्या खात्यांत दरमहा दीड हजार रुपये जमा करण्याची यंत्रणा या राज्याने काही आठवड्यांत उभी केली. मी तिची तुलना टीका म्हणून करत नाही. त्याच पैशातून कितीतरी आयांनी लेकरांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च भागवला आहे. माझे म्हणणे इतकेच, की जे राज्य इतक्या मोठ्या संख्येला दरमहा पैसे देऊ शकते, ते त्याहून कितीतरी कमी विद्यार्थ्यांना दरमहा भत्ता नक्की देऊ शकते. प्रश्न यंत्रणेचा राहिलेला नाही. अग्रक्रमाचा आहे.

घाईत पैसे दिले तर बोगस लाभार्थी घुसतील, ही शंका अधिकारी मांडतात. ती निराधार नाही. नसलेले विद्यार्थी कागदावर दाखवून शिष्यवृत्ती लाटणाऱ्या संस्था या राज्यात सापडल्या, त्यासाठी विशेष तपास पथक नेमावे लागले. पण ती चोरी संस्थाचालकांनी केली होती. तिचा धडा म्हणून संस्थांवर कडक लक्ष ठेवायला हवे होते, आणि आपण छाननीचा सगळा भार विद्यार्थ्याच्या डोक्यावर टाकला. आज कॅपमधून प्रवेश घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची ओळख, गुण, जात आणि जागा शासनाच्याच नोंदीत असते. उत्पन्नाचा दाखला तहसीलदार देतात, म्हणजे शासनच देते. पोर्टलवर त्याचा बारकोड टाकला की तपशील दिसतो, ही सोय झालेली आहे. मग शासनाने स्वतःच दिलेला कागद शासनालाच पुन्हा दाखवण्यासाठी मुलाने महिनोन्महिने थांबायचे कशासाठी? पहिला हप्ता आधी द्यावा, सखोल छाननी दुसऱ्या हप्त्यापूर्वी करावी, आणि खोटे आढळले तर वसुली करावी, तीही संस्था दोषी असेल तर संस्थेकडून.

म्हणून काही ठोस मागण्या आपल्यासमोर ठेवते.

पहिली : कॅपच्या जागावाटपाच्या पत्रासोबतच तात्पुरत्या शिष्यवृत्तीचे पत्र निघावे. कोणती योजना लागू, फीपैकी शासन किती भरणार, विद्यार्थ्याने किती भरायचे, भत्ता किती आणि कोणत्या तारखेला, हे सगळे एका कागदावर मराठीत असावे. त्यात विकास शुल्क, ग्रंथालय, जिमखाना, अनामत असे 'इतर शुल्क'ही असावे. शिक्षण शुल्क माफ झाले म्हणून आनंदाने आलेली मुलगी काउंटरवर या इतर आकड्यांपाशी अडते.

दुसरी : निर्वाह, भोजन आणि निवास भत्ता ऑगस्टपासून दरमहा ठरलेल्या तारखेला जमा व्हावा. प्रवेशाच्या महिन्यात खोलीच्या डिपॉझिटसाठी दोन महिन्यांची रक्कम एकदम मिळावी.

तिसरी : दुसऱ्या वर्षापासून नूतनीकरण आपोआप व्हावे. पास झालेल्या विद्यार्थ्याची जात बदलत नाही, पत्ता क्वचित बदलतो. फक्त उत्पन्न पाहायचे, तर ते शासनाने आपल्याच नोंदीतून पाहावे.

चौथी : कोणत्या विभागाकडे, कोणत्या वर्षाची, कोणत्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांची किती प्रतिपूर्ती थकली आहे, हे दर महिन्याला जाहीर व्हावे. शासनाची थकबाकी असताना विद्यार्थ्याचे हॉल तिकीट किंवा मूळ कागदपत्रे अडवणाऱ्या संस्थेवर कारवाई व्हावी. आणि ठरलेल्या तारखेनंतर आलेल्या प्रत्येक हप्त्यावर शासनाने विद्यार्थ्याला व्याज द्यावे. ज्या दिवशी उशिराचे व्याज अर्थसंकल्पात लिहावे लागेल, त्या दिवसापासून उशीर कमी होईल, याची मला खात्री आहे.

पाचवी : प्रत्येक अनुदानित महाविद्यालयात शिष्यवृत्तीच्या कामासाठी एक प्रशिक्षित, पूर्णवेळ माणूस द्यावा. आज हे काम प्राध्यापक तास बुडवून करतात किंवा विद्यार्थी शंभर-दोनशे रुपये देऊन नेट कॅफेत करून घेतात. कॅफेवाल्याने चुकीचा पर्याय निवडला की त्या मुलाचे वर्षभराचे पैसे अडकतात.

यातल्या पहिल्या चार मागण्यांसाठी नवी योजना लागत नाही, नवे पोर्टल लागत नाही, आणि व्याजाचा भाग सोडला तर वाढीव तरतूदही फारशी लागत नाही. जे द्यायचे ठरलेच आहे ते केव्हा द्यायचे, एवढेच ठरवायचे आहे. जुन्या योजना असोत की कालच्या, सगळ्यांना ही एकच शिस्त लावता येईल.

सीईटी कक्ष दरवर्षी प्रवेशाचे वेळापत्रक जाहीर करतो. अर्ज कधी, गुणवत्ता यादी कधी, पहिली फेरी कधी, वर्ग कधी सुरू, हे सगळे त्यात तारखेनिशी असते, आणि एक दिवस उशीर झाला तरी विद्यार्थ्याची जागा जाते. येत्या वर्षीच्या वेळापत्रकात शेवटी आणखी दोन ओळी घालण्याचे आदेश आपण द्यावेत : शिष्यवृत्तीचा पहिला हप्ता कोणत्या तारखेला आणि दुसरा कोणत्या तारखेला. विद्यार्थी आपल्या तारखा पाळतात. शासनानेही आपल्या पाळाव्यात, एवढेच मागणे आहे.

आपल्या उत्तराची वाट पाहत,

आपली विश्वासू,
तालुक्याच्या गावातील एक प्राध्यापिका